कलाकार खाली आहे

"मी कुठाय?" मी विचारलं.

"खाली आहेस," इरफान म्हणाला. "माउस फिरव."

मी फिरवला. संस्थेचं बोधचिन्ह गेलं. हसणारे दादासाहेब गेले. पाठोपाठ पुन्हा दादासाहेब आले, या खेपेला गंभीर, हातात पेन. मग 'आधारस्तंभ' या मथळ्याखाली उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव. 'मार्गदर्शक'खाली प्राचार्य, त्यांनी बहुतेक लग्नातला फोटो दिला होता. मग शुभेच्छुकांच्या रांगा लागल्या. त्यात एक तर दादासाहेबांचा ड्रायव्हर होता, मी ओळखला त्याला.

"अजून खाली?"

"अजून जरा. ती नवी इमारत गेली की तू."

इमारत गेली. तिच्या खाली, 'संपर्क' असं लिहिलं होतं त्याच्या वर, कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी मी होते. शेजारी बारीक अक्षरात 'कु. प्रणिता घाडगे (कलाकार)'.

ही माझी वेबसाइट. माझी म्हणजे कलाकाराची. आमच्या प्रोजेक्टचं नावच होतं, 'कलाकाराचा संगीत व्हिडिओ आणि त्याची वेबसाइट'.

तेव्हा बार्शीतल्या आमच्या कॉलेजात जनसंवादाचा कोर्स नवीनच निघाला होता आणि आम्ही त्याची पहिली बॅच. आमच्या गटात तिघं. मी गाणार, म्हणून मी कलाकार. इरफान तांबोळी कॅमेरा, एडिटिंग, वेबसाइट आणि चहा सांगून येणं, म्हणजे थोडक्यात सगळं काम. आणि विक्रांत नान्नजकर दिग्दर्शक, कारण त्यानं तशी टोपी आणली होती. विक्रांतला कुठलाही प्रश्न विचारा, तो डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "माझं व्हिजन वेगळंय." काय आहे ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. त्यात एक घोडा होता, एवढं मात्र पक्कं होतं.

मला त्या व्हिजनशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त अभ्यंकर मॅडमशी होतं. पुण्याच्या अभ्यंकर मॅडम बाहेरच्या परीक्षक म्हणून येणार होत्या. त्यांची स्वतःची छोटी रेकॉर्डिंग कंपनी होती, आणि गावाकडच्या बायकांच्या गाण्यांचा अल्बम करायला त्या नवा आवाज शोधत होत्या. आमचे हंचाटे सर स्वतः सांगत होते, "प्रणिता, बाईंना आवाज आवडला ना, तर थेट पुण्याला नेतील तुला." घरी बाबांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास ठरवून ठेवला होता. हे जमलं तर पुणे, नाही तर क्लास. साधा मामला होता. मी त्या दिवसांत देवापुढं उभी राहिले तरी अभ्यंकर मॅडमच डोळ्यांपुढं यायच्या.

आणि ज्या साइटवर त्यांनी मला बघायचं, तिथं मला शोधायला वाटाड्या लागत होता.

"पहिल्यांदा मी हिचा मोठा फोटो टाकला होता, सर," इरफान हंचाटे सरांना म्हणाला. "खाली गाण्याचं बटण. झालं. एवढंच."

"होता रे. छान होता," सर रुमालानं मान पुसत म्हणाले. "पण उघडल्या उघडल्या दादासाहेब दिसले नाहीत तर कसं दिसतं ते? आणि दादासाहेब घेतले की उपाध्यक्ष घ्यावे लागतात. उपाध्यक्ष घेतले की सचिव रुसतात. तुम्हाला नाही कळायचं."

आम्हाला चांगलं कळत होतं. सर कंत्राटी होते. त्यांची नेमणूक दरवर्षी दादासाहेबांच्या सहीनं व्हायची. त्यामुळं सही व्हायच्या दिवसांत सर शिंकले तरी दादासाहेबांच्या बंगल्याकडं तोंड करून शिंकत नसत. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता.

"निदान संपर्कात माझा नंबर टाका," मी म्हटलं.

"मुलीचा नंबर? उघड्यावर? छे छे. संस्थेच्या ऑफिसचा टाकलाय. जबाबदारीचं काम आहे हे."

झालं! मी इरफानकडं बघितलं, इरफाननं कीबोर्डकडं.

दादासाहेब मोहोळकर म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मोठं धूड, पांढरे शुभ्र कपडे, आणि स्वभावानं खरं तर मवाळ. फक्त स्वतःचं नाव सोडून त्यांना जगात दुसरं काही ऐकू येत नसे. सभेत भाषणं चालू झाली की ते डोळे मिटायचे. तासभर मिटलेले. पण कुणी "आदरणीय दादासाहेब" म्हटलं की डोळे न उघडता दोन्ही हात जुळायचे. आम्ही पोरंपोरी मागं बसून मुद्दाम मोजायचो, आज किती वेळा जुळले.

आता गाण्याचं सांगते. गाणं रुखवताचं होतं. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडलेली फराळाची, भांड्याकुंड्यांची ताटं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडं ती ताटं मांडताना बायका गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत व्याह्यांचं नाव घेऊन त्यांची पार सालटी काढतात. व्याही किती खादाड, किती चिक्कू, मिशी कशी, चाल कशी. मांडवात सगळ्यांसमोर. आणि नियम असा की ज्याचं नाव येईल त्यानं रागवायचं नाही, हसून घ्यायचं. माझी आई या गाण्यांत पटाईत. एका लग्नात तिनं व्याह्यांच्या ढेरीवर असं काही म्हटलं होतं की ते गृहस्थ जेवायलाच बसेनात. आईच्या जुन्या चालीवर मी नवी कडवी रचली होती. व्याहीबुवांवर.

ते सरांना ऐकवलं. सर डोलले. मग एकदम थांबले.

"यात दादासाहेबांचं नाव कुठं आलं?"

"सर, रुखवताचं गाणं आहे."

"असू दे की. सचिवसाहेबांचा निरोप आहे, नाव आलं पाहिजे. प्रत्येक कडव्यात."

"प्रत्येक?"

"म्हणजे लोकांच्या लक्षात राहतं."

"पण सर, या गाण्यात नाव आलं म्हणजे..."

"प्रणिता," सरांनी हात जोडले, खरंच जोडले, "नाव घाल बाई. बाकी काहीही म्हण."

मी तणतणत घरी गेले. आई पाट्यावर ठेचा वाटत होती. मी सगळं सांगितलं. साइट गेली, फोटो गेला, नंबर गेला, आता गाणंही त्यांना पाहिजे. सांगता सांगता रडू आलं. संतापाचं होतं ते.

आईचा वरवंटा थांबला. "रुखवताच्या गाण्यात नाव घाल म्हणले?"

"हो."

"मास्तर स्वतः म्हणले?"

"हात जोडून म्हणले."

आईनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ठसका लागला. पण ती हसत होती. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. "मग घाल की गं येडे! रडतीस कशाला? मान मागितलाय त्यांनी, द्यायला नको?"

मग मला उलगडा झाला. एवढं साधं मला सुचू नये!

काही बदलावं लागलं नाही. व्याहीबुवा काढले, दादासाहेब घातले. चालीला धक्कासुद्धा लागला नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून इरफाननं गाणं रेकॉर्ड केलं. पहिलं कडवं झालं आणि त्यानं कानावरचा हेडफोन काढला.

"प्रणे, हे काय म्हणायलीस?"

"नाव घातलं."

"आमच्यातबी लग्नात बायका असलं म्हणतात," तो म्हणाला. "माझ्या चाचीनं म्हटलं होतं, तर नवऱ्याच्या मामूनं जोडे फेकले होते." मग परत हेडफोन चढवला. "चल. पुढचं घे. आवाज जरा मोकळा सोड."

शूटिंगला विक्रांतनं वरातीचा घोडा मिळवला. स्वतःच नवरा झाला, फेटा, मुंडावळ्या, सगळं. जागा अर्थातच नवी इमारत, कारण तसा निरोप होता. गाण्यातली पंगत जिमखान्यात, गाण्यातला आरसा ग्रंथालयात. मुहूर्ताचा नारळ फोडायला दादासाहेब स्वतः आले आणि मग गेलेच नाहीत. पंगतीत बसले. आरशात बघून भांग पाडला, तेही इरफाननं टिपलं. सरांनीच त्याला खुणा केल्या होत्या, घे, घे म्हणून. शेवटी विक्रांत घोड्यावर चढायला गेला, स्पीकरवर तिसरं कडवं लागलं, आणि नाव आल्याबरोबर दादासाहेब घोड्यापाशी गेले.

"म्हणजे यावर मी बसायचंय का?"

विक्रांतचा एक पाय रिकिबीत.

"अं... हो, दादासाहेब," विक्रांत पाय काढत म्हणाला. "व्हिजन तेच आहे."

चौघांनी मिळून त्यांना वर चढवलं. विक्रांत मुंडावळ्या सावरत लगाम धरून पायी चालला. मी कॅमेऱ्यामागं ओढणीचा बोळा तोंडात कोंबून उभी होते.

प्रकाशन सोहळा कॉलेजच्या सभागृहात होता. खुर्च्या भरायला संस्थेनं नेहमीप्रमाणे बस पाठवून आसपासच्या गावांतले महिला बचत गट आणले होते. आईही त्यांच्यात जाऊन बसली. व्यासपीठावर पुढारी एवढे की अभ्यंकर मॅडमना टोकाची, जवळजवळ पडद्याआडची खुर्ची आली. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या बाई. त्यांना शाल दिली, नारळ दिला, पुन्हा चुकून दुसरी शाल दिली. लॅपटॉपला रिबन बांधली होती, ती दादासाहेबांनी कापली. मग भाषणं. दादासाहेबांनी डोळे मिटले.

आणि एकदाचं गाणं लागलं.

*पंगतीला वाढलं वरण, वरणावर तूप गं,*
*दादासाहेब एकटे जेवले, बाकीचे चूप गं.*

पडद्यावर दादासाहेब जिलबी खात होते. खुर्चीतल्या दादासाहेबांनी हात जोडले.

बायकांनी आधी कान टवकारले. मग कुजबुज. "अगं, रुखवताचं हाय हे!" एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आन् नाव कुणाचं घेतलं?" मग पदर तोंडाला जाऊ लागले.

*मांडवात आणला आरसा, आरशाला कड गं,*
*दादासाहेब सोडेनात, नवरीची रडरड गं.*

आता पदर पुरेनात. मागच्या रांगेत कुणीतरी टाळीचा ठेका धरला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटचा 'गं' अख्खं सभागृह म्हणू लागलं. मी बाजूला उभी होते. हंचाटे सरांच्या आत्ता कुठं डोक्यात प्रकाश पडला असावा. ते भिंतीला टेकले. "गेलो मी," ते पुटपुटले. "प्रणिता, माझी सही राहिलीय गं." त्या क्षणी मात्र मला त्यांची फार दया आली.

*वरातीला आणला घोडा, घोड्याला झूल गं,*
*दादासाहेबच बसले वर, नवऱ्याला हूल गं!*

पडद्यावर घोडा, घोड्यावर ते, खाली बिचारा विक्रांत. हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. सचिव खुर्चीतून अर्धे उठले. आणि दादासाहेबांनी डोळे उघडले.

त्यांनी समोर बघितलं. एवढी माणसं टाळ्या वाजवताहेत, ओठांवर त्यांचं नाव. ते सावकाश उठले, पुढं आले, हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

गाणं पुन्हा लागलं. या खेपेला अभ्यंकर मॅडमसुद्धा ठेका धरून होत्या. सरांची सही त्याच व्यासपीठावर, तिथल्या तिथं झाली.

कार्यक्रम संपताच पाहुण्यांना जेवायला दादासाहेबांच्या बंगल्यावर न्यायला गाडी लागली. मी गर्दीतून वाट काढत मॅडमपर्यंत पोचले.

"तूच गायलीस ना?" त्यांनी माझा हात धरला. "हे रुखवताचं आहे. त्यांना कळलं नाही?"

"त्यांना नाव ऐकू येतं मॅडम. बाकीचं नाही."

त्या खळखळून हसल्या. "आवाज फार सुंदर आहे तुझा. मला पाहिजे तो. मी फोन करते. नंबर..."

"मॅडम, चला, दादासाहेब खोळंबलेत," सचिव मध्ये घुसले.

"वेबसाइटवर असेल ना नंबर?" गाडीत बसता बसता मॅडमनी विचारलं. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत काच वर गेली.

मी वाट बघितली. उन्हाळा गेला. मी संस्थेच्या ऑफिसात जाऊन विचारलं, फोन आला होता का? क्लार्क म्हणाला, "इथं रोज शंभर फोन येतात." मॅडमच्या कंपनीचा पत्ता सरांनाही नीट ठाऊक नव्हता. विद्यापीठातून मिळाला तोवर अल्बम निघूनही गेला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. माझा आवाज आवडला नसेल, तोंडावर गोड बोलल्या असतील, असं मी मनाला समजावलं. आणि बँकेच्या क्लासला बसले. परीक्षेत नापास झाले, ते एक बरं झालं.

काही वर्षांनी दादासाहेब नगरपालिकेला उभे राहिले. आणि एके सकाळी आमच्या गल्लीत रिक्षा आली, वर भोंगा, भोंग्यात मी. "दादासाहेब एकटे जेवले, बाकीचे चूप गं." मला विचारलं कुणी? गाण्याच्या आधी एक माणूस ओरडायचा, "ऐका, विकासाचं गीत!" रिक्षा जाईल त्या गल्लीत बायका भाकरी तव्यावर सोडून दारात यायच्या आणि रिक्षाबरोबर गायच्या. दादासाहेबांना वाटलं, लाट आहे.

दणकून पडले.

निकालानंतर त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. मी गेले. आता यांना सगळं कळलं असणार, आता बोलणी खायची, अशी तयारी करूनच गेले. दादासाहेब झोपाळ्यावर बसले होते, जरा वाळले होते.

"ये बाळ," ते म्हणाले. "कुठं कमी पडलो, त्याचा विचार करतोय. गाणं चांगलंच होतं. लोकांना पाठ झालं होतं."

"हो. पाठ झालं होतं."

"पण नाव कमी वेळा येतं त्यात. कडव्यात एकदाच. आमचं तिथं चुकलं." ते पुढं झुकले. "आणखी एक कडवं करून दे. नाव दोनदा आलं पाहिजे. पुढच्या निवडणुकीला लावू."

मला हसावं का रडावं कळेना. मी मान हलवली आणि उठले. दारात पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, अगदी सहज, "तेव्हा ती पुण्याची बाई सारखी फोन करायची. तुझा नंबर द्या, तुला तिकडं न्यायचंय, गाणं घ्यायचंय. मी साफ सांगितलं, पोरगी आमची, गाणं आमचं, बाहेर जाणार नाही. बरं केलं ना? गेलं असतं तर आज प्रचाराला काय लावलं असतं आपण?"

मी दाराची कडी धरून उभी राहिले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं हो, तेच तर! खरोखर माझ्यावर उपकार केल्यासारखं बघत होता.

"बरं केलंत, दादासाहेब," मी म्हटलं. नाव ऐकून त्यांनी हात जोडले.

आता माझा बायकांचा संच आहे, लग्नाच्या रुखवताला गाणी म्हणणारा. सोलापूरपर्यंत बोलावणी येतात. साइट इरफाननंच करून दिली, एका पानाची. उघडली की मी, गाण्याचं बटण आणि हा एवढाला माझा नंबर. खाली काहीच नाही.

दादासाहेबांचं कडवं मी त्याच आठवड्यात करून दिलं होतं. स्वतः लॅबमध्ये जाऊन, मोकळ्या आवाजात म्हणून दिलं. पुढच्या निवडणुकीत ते बार्शीच्या गल्लीगल्लीतून वाजलं, आणि ज्या बायकांना काय झालं होतं ते ठाऊक होतं त्यांनी ते दारात उभं राहून म्हटलं.

*पुण्याहून आला सांगावा, पोरीच्या नावाचा गं,*
*दादासाहेबांनी केला तो दादासाहेबांचा गं.*

सगळ्या गाण्यात त्यांना हेच कडवं जास्त आवडतं. भेटले की आवर्जून सांगतात.